मुलगा ‘मर्द’ व्हावा म्हणजे नेमकं काय?

“पोरीसारखा रडतोस काय?” “नीट चाल, हात काय हलवतोस?” ही वाक्यं आपल्या घराघरांत ऐकू येतात. आम्हीही ती बोललो आहोत. काही मुलांना मात्र ती फार खोल लागतात. आज त्यांच्याविषयी बोलू.

वयात आल्यावर काही मुलग्यांना मुलींऐवजी मुलग्यांबद्दल ओढ वाटते. त्यांना समलिंगी म्हणतात. काहींना दोघांबद्दलही वाटते, त्यांना उभयलैंगिक म्हणतात. ही ओढ कुणाच्या संगतीने लागत नाही. मारून, कोंडून, अंगारा लावून ती जातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले असे संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला.

तरी गावात मुलगा लपूनच जगतो. आवाज मुद्दाम जाड काढतो. पारावर पोरं मुलींवरून चेष्टा करतात, तेव्हा तोही हसतो. नसलेल्या मैत्रिणीच्या गोष्टी सांगतो. कुणी शिकायला, कुणी कामाला म्हणून शहर गाठतो आणि सणालाही यायचं टाळतो. उभयलैंगिक मुलाला तर “मुलगीही आवडते ना, मग झालं” असं म्हणून गप्पच केलं जातं.

एक लक्षात ठेवू. नाजूक बोलणारा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो, आणि तालमीतला पैलवानही समलिंगी असू शकतो. चालण्या-बोलण्यावरून कुणावर शिक्का मारू नये.

सगळ्यात मोठी चूक लग्नाची होते. “बायको आली की सुधारेल,” असं म्हणून आपण समलिंगी मुलाला बोहल्यावर उभं करतो. मग नवरा जवळ का येत नाही, हे त्या पोरीला कळत नाही. मूल झालं नाही की बोलणी तीच खाते. तीही कुणाची तरी लेक आहे ना?

मग काय करायचं? मुलाने मन मोकळं केलं, तर आधी ऐकून घ्यायचं. “तू आमचाच आहेस,” एवढं म्हटलं तरी त्याला धीर येतो. त्याने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय जावेलाही सांगायचं नाही. ‘बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे न्यायचं नाही. डॉक्टरांनी असे उपचार करणं ही गैरवर्तणूक आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलगा खचला असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक वाक्य सांगायचं, जे आपण मुलाला यापुढे बोलणार नाही. आमचं ठरलंय: “पोरीसारखा रडतोस काय?” तुमचं कोणतं?