स्तनाच्या कॅन्सरचे निदान झाल्यावर : मनाचा धीर आणि माणसांचा आधार



या पानावर नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांची माहिती असते. या वेळी विषय वेगळा आहे. शिवारात फिरताना पिकाबरोबर घरच्या अडचणीही कानावर येतात. घरातल्या बाईला स्तनाचा कॅन्सर निघाला हे सांगताना भल्याभल्या माणसाचा आवाज खाली जातो. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधोपचार सांगणार नाही. निदान कळल्यावर मन कसे सावरावे आणि आधार कुठे मिळतो, एवढेच येथे मांडतो.

आपल्या जिल्ह्यातली भीती

कॅन्सर या शब्दाची भीती बीड जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितल्याने आपण तयार झालो, असे अनेकींनी सांगितले. त्यामुळे आता खरे निदान झाले तरी घरात संशय येतो. त्यावर उपाय एकच. तपासणीचा कागद मागावा. गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासला आणि त्यात आजार दिसला, तर ते निदान. नुसत्या बोलण्यावर शस्त्रक्रिया करू नये आणि कागद हाती असताना संशयापोटी उपचारही टाळू नयेत. शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

दोष कुणाचाच नाही

निदान ऐकल्यावर पहिले काही दिवस खरे वाटत नाही. मग राग येतो, रडू येते, झोप उडते. "माझ्याच नशिबी का?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. हे सगळे साहजिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण घरच्यांच्या बोलण्याने दुःखात भर पडते. म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात घ्याव्यात.

१) हा आजार पापाने, नजरेने किंवा मुलाला पाजल्याने होत नाही.

२) तो लागत नाही. काणीचे बेट दिसले की उपटून जाळा, नाहीतर शेजारच्या बेटांना लागते, असे आम्ही सांगतो. येथे तसे काही नाही. बाईचे ताट, अंथरूण वेगळे करू नये. लेकराला जवळ घेण्यास हरकत नाही.

३) तपासणीसाठी सुई टोचली म्हणून आजार पसरत नाही.

४) दरवेळी पूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही. औषधाने गेलेले केस उपचारानंतर बहुधा पुन्हा येतात.

पहिले पंधरा दिवस

दवाखान्यात बाईने एकटीने जाऊ नये. घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात डॉक्टरांचे निम्मे बोलणेही राहत नाही. सोबतच्याने वही न्यावी आणि प्रश्न आधीच लिहून ठेवावेत. आजार कितपत पुढे गेला आहे, उपचार कोणते, किती महिने चालतील, किती वेळा यावे लागेल, हे विचारावे. उत्तरे मिळाली की निम्मी भीती ओसरते.

साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही, पण कुणालाच न सांगणे हेही ओझे होते. बहीण, जाऊ, मैत्रीण, जिच्यापुढे मोकळेपणी रडता येईल अशी एक तरी बाई जवळ असावी. सांगायचे कुणाला, हे मात्र तिनेच ठरवावे.

घरच्या पुरुषांसाठी

"काही होत नाही, रडू नको" असे म्हणून तिला गप्प करू नये. शेजारी बसून ऐकावे. चूल, पाणी, धारा यांची वाटणी न सांगता उचलावी. तिच्यासमोर खर्चाचा हिशेब मांडू नये आणि "ऊस तुटून गेल्यावर बघू" असे तर मुळीच म्हणू नये. तोडीची तारीख पुढे-मागे होईल, उपचाराची होऊ देऊ नये. शरद पवारांना २००४ साली तोंडाच्या कॅन्सरचे निदान झाले. त्यांनी उपचार घेतले आणि त्याच वर्षापासून दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री राहिले. आजारानंतरही माणूस कामाला उभा राहतो, हे आपण पाहिले आहे.

आधार कुठे मिळतो

सर्वांत मोठा आधार त्याच वाटेने गेलेल्या बाईचा. अमेरिकेत टेरीज लॅसर या बाईंवर स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय कपडे घालावेत, हात कसा हलवावा, हे सांगणारे त्यांना कुणी भेटले नाही. म्हणून १९५२ साली त्या स्वतःच रुग्णालयात जाऊन नव्या रुग्ण बायांना भेटू लागल्या. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन ही संस्था १९९४ पासून असेच काम करते. स्वतः कॅन्सरमधून गेलेले कार्यकर्ते नव्या रुग्णांशी बोलतात. आपल्या पंचक्रोशीत उपचार पूर्ण केलेली बाई असेल, तर तिची गाठ जरूर घालून द्यावी.

पहिल्या तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय आहे. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदीत आपल्यासारख्याच खेड्यांतल्या बाया आहेत, म्हणजे हे दुखणे आपल्या एकट्याच्या घरी आलेले नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधार घेऊन दवाखान्यातील आरोग्यमित्रांना भेटावे. एस.टी. व रेल्वेत कर्करोग रुग्णांना भाड्यात सवलत आहे. रेल्वेत ती सोबतच्या एकालाही मिळते. झोप, जेवण दोन आठवड्यांपेक्षा जास्त तुटले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोडणीला आलेल्या बाईलाही हे दुखणे होऊ शकते. खाडा पडेल या भीतीने ती गाठ अंगावर काढते. अशी कुणी आढळल्यास मुकादमाशी बोलून तिला दवाखान्यात जाऊ द्यावे आणि त्या दिवसाचा खाडा धरू देऊ नये.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी