सरासरीत न दिसणारं नालासोपारा

१०० मिलिसेकंद आणि ३०० मिलिसेकंद. मोबाइल नेटवर्कने माणसाच्या बोलण्याला दिलेली मुदत पहिली, आणि त्याच्या पैशांच्या व्यवहाराला दिलेली दुसरी. फोरजीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवेतून जाणाऱ्या वाहतुकीचे वर्ग पाडलेले आहेत आणि प्रत्येक वर्गाला क्रमांक आहे. वर्ग १ म्हणजे कॉलवरचं संभाषण. ते १०० मिलिसेकंदांत पोचायला हवं आणि त्याच्यासाठी वेग राखून ठेवलेला असतो. वर्ग ५ मध्ये कॉल जोडणारे संदेश येतात, त्यांचा अग्रक्रम सर्वांत वरचा. वर्ग ९ मध्ये उरलेलं सगळं: मुदत ३०० मिलिसेकंद, अग्रक्रम शेवटचा, राखीव वेग काहीही नाही.

या ‘उरलेल्या सगळ्या’त काय काय येतं ते पाहिलं की नालासोपाऱ्यातली रोजची तक्रार उलगडू लागते. रील्स आणि क्रिकेटचा सामना साधारणपणे वर्ग ९ मध्येच जातो. तुळींज रोडवरच्या भाजीवाल्याचं यूपीआय, बारावीच्या मुलीचा ऑनलाइन तास, गावाकडच्या आईशी चाललेला व्हॉट्सॲप कॉल, हेही त्याच वर्गात. २०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यात २००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. तरी फोनपासून टॉवरपर्यंतच्या वाटेवर त्या व्यवहाराला करमणुकीच्या व्हिडिओइतकाच मान आहे.

‘फोन लागतो, पण नेट चालत नाही’ या वाक्याचं कारण इथेच आहे. फोरजीवरच्या कॉलचा आवाज सेकंदाला सुमारे १३ किलोबिटमध्ये मावतो. दर २० मिलिसेकंदांनी एक छोटं पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. एवढ्याशा ओझ्यासाठी जागा राखणं टॉवरला सहज जमतं. कॉलचे आकडे म्हणूनच चांगले दिसतात. दुसरी तक्रार, ‘रेंज फुल्ल आहे तरी गोल गोल फिरतंय’, हिचं उत्तर वेगळं आहे. फोनवरच्या दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात. त्या सिग्नलवर किती माणसं वाटेकरी आहेत, हे त्या सांगत नाहीत.

वाटेकरी किती, याचा हिशेब करून पाहू. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार मार्च २०१४मध्ये एक ग्राहक महिन्याला सरासरी ६१.६६ एमबी डेटा वापरत होता. दहा वर्षांत तो वापर २० जीबीच्या पुढे गेला. २० जीबी म्हणजे दिवसाला साधारण ६७० एमबी. त्यातला ८ टक्के वापर रात्रीच्या सर्वांत गर्दीच्या तासात होतो असं धरलं, तर त्या तासात माणशी ५३ एमबी, म्हणजे सेकंदाला सरासरी ०.१२ मेगाबिट.

आता टॉवरची बाजू. २० मेगाहर्ट्‌झच्या फोरजी लहरींवर दोन अँटेनांनी कागदावर १५० मेगाबिटचा वेग निघतो. भरवस्तीत एका सेक्टरला, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या पंख्याला, प्रत्यक्षात ४० मेगाबिट धरणं सुरक्षित. ४० भागिले ०.१२ केलं की सुमारे ३३० ग्राहक येतात. एका सेक्टरने एका लहरीपट्ट्यावर गर्दीच्या तासात सांभाळायची माणसं इतकीच. त्यातल्या ४० जणांनी एकाच वेळी साधा, एक मेगाबिटचा व्हिडिओ लावला तरी सेक्टर भरला.

हे संतोष भुवन किंवा धानिव बागेसारख्या वस्तीवर बसवून पाहा. समजा, तळमजला अधिक चार मजले, मजल्यावर दहा खोल्या, खोलीत तीन फोन. एका इमारतीत १५० फोन झाले. त्यातले निम्मे एका कंपनीचे धरले तर ७५. साडेचार इमारतींत आपले ३३० संपले. कंपनीकडे असे दोन-तीन पट्टे असतील तर नऊ ते तेरा इमारती होतील. आणि ३०० मीटर पोहोच असलेला सेक्टर आपल्या १२० अंशांच्या पंख्यात सुमारे साडेनऊ हेक्टर जमीन घेतो. नालासोपारा पूर्वेत एवढ्या जागेत शंभराहून जास्त इमारती सहज बसतात.

घरांच्या रचनेचा भार यावर चढतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. टॉवरसमोर मोकळ्यावर उभ्या असलेल्या फोनला फोरजी एका लहर-चिन्हात साडेपाच बिट देऊ शकते. भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत, तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत तोच फोन नेला की सिग्नल मळतो आणि टॉवरला सावकाश, पुन्हा पुन्हा बजावून बोलावं लागतं. मानकातल्या तक्त्यात सिग्नलच्या दर्जाच्या १५ पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर ५.५५ बिट, चौथ्या पायरीवर ०.६०. म्हणजे आतल्या खोलीतला एक व्हिडिओ बाहेरच्या नऊ व्हिडिओंची जागा खातो. दोष त्या खोलीतल्या माणसाचा नाही. त्याच्यापर्यंत पोचायला टॉवर जवळ नाही, आणि त्याची किंमत सगळी गल्ली मोजते.

१ ऑक्टोबर २०२२ला देशात फाइव्हजी सुरू झालं. त्याचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या वरचा, रुंदी १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत, त्यामुळे रस्त्यावरचा वेग डोळ्यांत भरतो. पण लहर जितकी आखूड तितकी तिची ताकद लवकर सरते. सारख्याच अंतरावर, सारख्याच अँटेनांनी, ७०० मेगाहर्ट्‌झच्या तुलनेत ३५०० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल २५ पट क्षीण पोचतो, आणि हे भिंती धरण्याआधीचं. ज्या खोलीत अडचण सर्वांत जास्त, तिथेच ही नवी लहर सर्वांत कमी पोचते.

सकाळची लोकल हे वेगळं गणित आहे. वसई रोड ते नालासोपारा साधारण चार किलोमीटर, वेळ पाचेक मिनिटं. दर ४०० मीटरला सेल, म्हणजे फोनला सांभाळणारा टॉवरचा भाग, बदलतो असं धरलं तर दर अर्ध्या मिनिटाला एक हस्तांतरण. १२ डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब, म्हणजे अख्खी गाडी एकाच सेलमध्ये मावते. गर्दीच्या वेळी तिच्यात पाच हजारांच्या आसपास माणसं असतात. एका कंपनीचे दोन हजार फोन धरले, तर अर्ध्या मिनिटात दोन हजार फोन एका सेलमधून उठून दुसऱ्यात शिरतात. चालू असलेल्या प्रत्येक फोनसाठी दोन टॉवरांची बोलणी होतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक १८०० मेगाहर्ट्‌झवर १६७ हर्ट्‌झचा, तर फोरजीच्या उपलहरींमधलं अंतर १५,००० हर्ट्‌झ. म्हणजे गाडीत नेट अडतं त्याचं कारण गाडीचा वेग नव्हे. कारण आहे एका पत्र्याच्या डब्यात एकवटलेली माणसं आणि फलाटावर पुढच्या गाडीसाठी थांबलेली तेवढीच माणसं. नालासोपाऱ्याच्या फलाटावर येणारी विरारची गाडी आधीच भरलेली असते, आणि नेटवर्कच्या बाबतीतही तसंच आहे.

मग हे सरकारी मोजमापात दिसत का नाही? कॉल तुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं, हा निकष २००९च्या नियमांपासून आहे. आधी तो परवाना क्षेत्राच्या सरासरीवर मोजला जाई. त्यातला खोटेपणा ओळखून १ ऑक्टोबर २०१७पासून ट्रायने पद्धत बदलली: किमान ९० टक्के सेल, किमान ९० टक्के दिवस, २ टक्क्यांच्या आत. ही सुधारणा खरी होती आणि तिचं श्रेय द्यायला हवं. तरीही हजार सेलमागे शंभर सेल महिनाभर वाईट राहिले तर कंपनी उत्तीर्णच. ते शंभर सेल कुठे असतील? वस्ती आणि भिंती जिथे दाट, तिथे असण्याची शक्यता जास्त, असं मला ठामपणे वाटतं.

२ ऑगस्ट २०२४ला आलेल्या नव्या नियमांनी जुने तीन नियम एकत्र केले. ते १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. डेटाचा विलंब आणि पॅकेट गळती यांचे निकष कडक झाले, दंडाची पायरी ५० हजारांवरून १ लाखावर आणि पुढे १० लाखांपर्यंत गेली, एप्रिल २०२५पासून मासिक अहवाल आले. सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भरपाई आहे, पण तिचं एकक जिल्हा आहे. पालघर जिल्हा डहाणूच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला. नालासोपाऱ्याच्या दोन प्रभागांचं नेट रात्रभर मेलं तरी जिल्हा जिवंतच असतो. जुलै २०१८च्या पावसात इथे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई परिसरात वीज गेली. अशा वेळी टॉवरची बॅटरी काही तासच पुरते, पुढे डिझेल पोचलं तरच टॉवर चालतो, आणि डिझेलची गाडीही त्याच पाण्यातून येणार. नैसर्गिक आपत्तीतला खंड भरपाईच्या नियमातून वगळलेला आहे.

यूपीआयला वरचा वर्ग द्यावा, असं कुणीही म्हणेल. ते तितकं सोपं नाही. २०१८मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व स्वीकारलं. कोणत्या ॲपला पुढे काढायचं हे कंपनीने ठरवू नये, हा त्याचा गाभा, आणि तो मी सोडायला तयार नाही. आज पैशांच्या ॲपला वाट मोकळी केली तर उद्या ती वाट विकली जाईल. बँकांच्या टोकाला मात्र शिस्त आली आहे. जून २०२५मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने पैसे पाठवण्या-घेण्याच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ केली. भाजीवाल्याच्या फोनपासून टॉवरपर्यंतच्या टप्प्याला तशी कुठलीच मुदत नाही.

म्हणून उपाय उरतो जागा वाढवण्याचा: जवळजवळ टॉवर, विजेच्या खांबांवर छोटे सेल. इथे दोन अडथळे येतात. एक इमारतींचा. खासगी इमारतीवर टॉवरसाठी मजबुतीचा अभियंत्याचा दाखला लागतो. २००१मध्ये १ लाख ८४ हजारांचं असलेलं हे गाव ज्या वेगाने वाढलं, त्यात असा दाखला मिळेल अशा इमारती कमी. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती नोव्हेंबर २०२४पासून पाडल्या गेल्या. दुसरा अडथळा भीतीचा. भारताची किरणोत्सर्गाची मर्यादा सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर दूर गेला की आपला फोन ओरडून बोलतो, २०० मिलिवॉटपर्यंत, आणि तो कानाशी असतो. सोसायटीच्या सभेत टॉवरला विरोध करताना हा आकडाही पटलावर यावा.

मोजण्यासाठी नवं यंत्र लागत नाही. प्रत्येक सेल आपली गर्दी, आपला वेग आणि आपली गळती साधारण दर १५ मिनिटांनी नोंदवतोच. दिवसाला अशा ९६ नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जमा होतात. त्यातल्या रात्री ८ ते ११ या वेळेतल्या १२ नोंदी ट्रायने सेलनिहाय मागाव्यात आणि वसई-विरार महापालिकेच्या प्रभागांच्या नकाशावर दरमहा जाहीर कराव्यात.