नुसती लिंक नको, सोबत दोन ओळी हव्यात

भोर तालुक्यातले वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. अशा रस्त्यावरच्या गावातली माणसे पोटापाण्यासाठी चारी दिशांना विखुरलेली असतात. कोणी शिरवळच्या कारखान्यात, कोणी पुण्यात, कोणी लग्न होऊन वेल्ह्याकडे, तर कोणाचे अर्धे घर मुंबईत. पूर्वी गावाकडचा निरोप पोस्टकार्डाने जायचा, नाहीतर एस.टी.ने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ चिठ्ठी दिली जायची. आता घराघरात मोबाईल आला आहे. भावकीचा ग्रुप, महिला मंडळाचा ग्रुप, जयंती कमिटीचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा ग्रुप. एका घरात माणसे चार आणि ग्रुप चौदा, अशी गत आहे.

निरोप आता क्षणात जातो. पण गेलेला निरोप पोचतोच असे नाही. सकाळी उठून पाहावे तर 'शुभ सकाळ'ची वीस चित्रे आणि त्यात कुठेतरी एक निळी लांबलचक ओळ, म्हणजे लिंक. ती कसली, कोणासाठी, कुठल्या तारखेपर्यंत, काहीच लिहिलेले नसते. कोणी म्हणतो, फसवणूक असेल, हात लावू नका. कोणी उघडतो, तर फेसबुक सांगते की ही पोस्ट तुम्हाला पाहता येणार नाही. कोणाचा नेट पॅक संपलेला असतो. ती लिंक जर शिष्यवृत्तीच्या अर्जाची असेल आणि मुदत निघून गेली, तर मुलीच्या कॉलेजचे वर्षभराचे गणित बिघडते. पाठवणाऱ्याने मात्र आपले कर्तव्य झाले असे मानलेले असते! म्हणून लिंक कशी पाठवावी, हा विषय दिसायला लहान असला तरी आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांसाठी तो लहान नाही.

लिंक म्हणजे पत्ता

कचेरीतल्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख असते. त्यावरून ते पत्र कोणत्या टेबलावरून निघाले हे शोधता येते. लिंकचे काम तेच आहे. ती मूळ पोस्टचा पत्ता असते. ती उघडली की हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, पूर्ण मजकूर काय आहे, नंतर काही दुरुस्ती केली का, हे बहुतेक वेळा पाहता येते. याउलट स्क्रीनशॉट म्हणजे वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख कापून टाकलेले कात्रण. बातमी तीन वर्षांपूर्वीची आहे की कालची, हे त्यावरून कळत नाही. उतरवून घेऊन फिरवलेल्या व्हिडिओचेही तसेच. तो कुठून आला आणि त्याचा पुढचा-मागचा भाग कोणी कापला, हे कोणी सांगू शकत नाही.

कापलेल्या व्हिडिओने काय होऊ शकते हे देशाने २०१८ साली पाहिले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या वर्षी व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेली. मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्यांची एक चित्रफीतही त्या काळात देशभर फिरत होती. ती मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात. हा शेवटच कोणीतरी कापून टाकला आणि जागृतीची फीत भीतीची फीत झाली.

त्याच अफवेच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. त्यांचा गुन्हा एकच, की ते गावात परके होते. ज्यांच्या हातात काही नाही, ज्यांची बाजू मांडायला कोणी नाही, अशा माणसांवर अफवेचा घाव पहिला पडतो, हे आपण विसरता कामा नये.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने दुसरीकडून आलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादाही घालण्यात आली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. ते दिसले की थांबावे आणि मूळ लिंक मागावी. लिंक मिळत नसेल तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

घरबसल्या चैत्यभूमी

लिंकचा चांगला उपयोगही आपण अनुभवला आहे. २०२० साली कोरोनामुळे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी करू नये, घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले. दूरदर्शनवरून आणि मुंबई महापालिकेच्या समाजमाध्यमांवरून थेट प्रक्षेपणाची सोय करण्यात आली. ज्या घरात कोणीतरी योग्य लिंक, योग्य वेळ लिहून आदल्या दिवशीच पाठवली होती, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनाही मोबाईलवर अभिवादनाचा सोहळा पाहता आला असेल. जिथे वेळ उलटल्यावर नुसती निळी ओळ आली, तिथे तिचा काय उपयोग?

प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी

एस.टी.चा पास लोकलला चालत नाही. तसेच एका ठिकाणची लिंक दुसऱ्या ठिकाणी नेताना तिथली रीत पाहावी लागते.

फेसबुक : लिंक पाठवण्याआधी पोस्टवरच्या नावाखाली, तारखेशेजारी, लहानसे चिन्ह असते ते पाहा. पृथ्वीचा गोल असेल तर पोस्ट सर्वांसाठी खुली आहे. दोन माणसांचे चिन्ह असेल तर ती फक्त मित्रांना दिसते. तिची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली तरी जे मित्रयादीत नाहीत त्यांना काही दिसणार नाही. बंद ग्रुपमधली पोस्ट फक्त त्या ग्रुपच्या सभासदांना दिसते. मात्र सगळेच खुले करण्याची घाई नको. मुलींचे फोटो, शाळेचे नाव, घरचा पत्ता, फोन नंबर असलेली पोस्ट मित्रांपुरतीच ठेवलेली बरी. आणि पोस्ट दुसऱ्याची असेल, तर त्याला विचारल्याशिवाय तिचा फोटो काढून बाहेर फिरवू नये.

यूट्यूब : व्हिडिओखालच्या 'शेअर' बटणावर 'कॉपी लिंक' असते. दोन तासांचे भाषण पाठवताना कामाचा भाग कितव्या मिनिटाला आहे हे लिहावे. 'विसाव्या मिनिटापासून ऐका' एवढे लिहिले तरी ऐकणारे वाढतात. संगणकावर तर 'स्टार्ट ॲट' या चौकोनात खूण केली की व्हिडिओ त्याच जागी सुरू होणारी लिंक मिळते. घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ चढवला असेल तर तो 'अनलिस्टेड' ठेवावा. मग तो शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्याकडे आहे त्याला दिसतो. 'प्रायव्हेट' ठेवला तर नुसती लिंक मिळून पाहुण्यांना तो दिसणार नाही.

इन्स्टाग्राम : इथे फोटोखालच्या मजकुरात लिंक लिहिली तरी ती दाबून उघडत नाही. ती आपल्या प्रोफाइलवरच्या माहितीत टाकावी आणि फोटोखाली तसे लिहावे, किंवा स्टोरीत 'लिंक'चे स्टिकर लावावे. स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते. खाते खाजगी असेल तर त्यातल्या पोस्टची लिंक बाहेरच्यांना उपयोगाची नाही.

एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर : साध्या खात्यावर २८० अक्षरांची मर्यादा आहे. लिंक कितीही लांब असली तरी ती २३ अक्षरेच धरली जाते. तेव्हा लिंक लांब आहे म्हणून आपला मजकूर कापायचे कारण नाही.

व्हॉट्सॲप : लिंक चिकटवल्यावर लगेच बाण दाबू नका. दोन-चार सेकंद थांबलात तर वर चित्र आणि मथळ्याचा लहान चौकोन तयार होतो. तो पाहून वाचणाऱ्याला अंदाज येतो. महत्त्वाची लिंक ग्रुपवर पिन करता येते, चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस. अर्जाची मुदत असेल तर हे जरूर करावे, म्हणजे 'शुभ सकाळ'च्या ढिगाऱ्यात ती गाडली जात नाही. ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो, हे ध्यानात असू द्या. आणखी एक गोष्ट. अख्खा व्हिडिओ पाठवला तर तो प्रत्येकाच्या मोबाईलची जागा खातो. लिंक मात्र ज्याला पाहायचे तोच उघडतो.

दोन ओळी कोणत्या?

लिंकसोबत चार गोष्टी लिहाव्यात : हे काय आहे, कोणासाठी आहे, कधीपर्यंत आहे, आणि अडले तर कोणाला विचारायचे. नमुन्यादाखल हा मजकूर पाहा :

"जय भीम. दहावीनंतर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले आहेत. मागच्या वर्षी ज्यांना मिळाली त्यांनीही नूतनीकरण करायचे आहे. शेवटची तारीख अमुक. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार जोडलेले बँक खाते तयार ठेवा. लिंक सरकारी संकेतस्थळाची आहे, मी स्वतः उघडून पाहिली आहे. अडचण आली तर संध्याकाळी सातनंतर फोन करा."

यातले 'मी स्वतः उघडून पाहिली आहे' हे वाक्य सर्वांत मोलाचे. अर्थात ते खरे असले पाहिजे! ज्या घरात वाचता येणारे कोणी नाही, तिथे हाच मजकूर अर्ध्या मिनिटात बोलून पाठवावा. शेतावर किंवा धुण्याभांड्याच्या कामावर जाणारी बाई वाचायला थांबणार नाही, पण कानाला मोबाईल लावून ऐकेल. मुदत संपली की तसेही कळवावे, म्हणजे जुनी लिंक उगाच फिरत राहत नाही.

लिंक उघडण्याआधी

मोफत लॅपटॉप, मोफत रिचार्ज, घरबसल्या नोकरी अशा नावांनी खोट्या लिंक येतात. पत्ता वाचायला शिकावे. सुरुवातीच्या दोन जोड तिरप्या रेघा सोडल्या, तर पुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते त्याच्या लगेच आधीचे शब्द महत्त्वाचे. सरकारी पत्ता तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. हीच अक्षरे पत्त्याच्या मध्येच कुठेतरी असतील आणि शेवट भलताच असेल, तर तो सापळा समजावा. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवून मोबाईलचा ताबा घेतला जातो, असे इशारे पोलिसांनी २०२४ मध्ये दिले होते. पत्रिका हे चित्र असते, ती बसवून घ्यावी लागत नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

बाबासाहेबांच्या नावावर

बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कुठलेही वाक्य छापून ते त्यांचेच म्हणून पाठवण्याची खोड आपल्यातही शिरली आहे. एकेका विधानाला आधार देणाऱ्या माणसाच्या नावावर निराधार वाक्ये खपवणे आपल्याला शोभते का? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यांची मराठी भाषणे अठराव्या खंडात तीन भागांत आहेत. वाक्य पाठवायचे तर सोबत खंड आणि पानाचा क्रमांक द्यावा, जमल्यास लिंक द्यावी. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे काम सांगावे. पान शोधता शोधता चार पाने वाचून होतील, हा त्यातला आणखी लाभ.

बंधू-भगिनींनो, हे सगळे एकट्याने करायचे नाही. प्रत्येक ग्रुपवर दोघांनी जबाबदारी घ्यावी, त्यांत एक मुलगी किंवा सून असावी. आलेली लिंक त्यांनी उघडून पाहावी, दोन ओळी लिहाव्यात आणि मगच ती ग्रुपवर टाकावी. पुढची शिष्यवृत्तीची जाहिरात येईल तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक कॉलेजच्या मुलाला विचारावे, "अर्ज भरलास का?" त्याचे उत्तर 'हो' आले, की निरोप पोचला असे समजावे.