वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन आधी खेळणाऱ्यांनीच काढले होते! एकट्याने अ‍ॅप बनवणाऱ्यांना फीडबॅक नेमका कुठे सापडतो?

जानेवारी २०२२ आठवतोय? ट्विटर उघडलं की हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या रांगा दिसायच्या. ना कुठला शब्द, ना कुठली लिंक. वर फक्त वर्डल, एक नंबर आणि ३/६ किंवा ४/६. ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते विचारायचे, हा काय प्रकार आहे? आणि उत्तर शोधता शोधता तेही खेळायला लागायचे.

हा गेम बनवणारा माणूस एकटाच होता. जॉश वॉर्डल, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. १ नोव्हेंबर २०२१ ला वर्डल खेळणारे होते ९० जण. २ जानेवारी २०२२ ला ते तीन लाखांच्या वर गेले. ३१ जानेवारीला तर न्यूयॉर्क टाइम्सने हा गेम विकत घेतल्याचं जाहीर करून टाकलं.

आता गंमत बघा. ज्या चौकोनांमुळे गेम इतका पसरला, त्यांची सुरुवात वॉर्डलने केलीच नव्हती. न्यूझीलंडमधले खेळाडू आपला निकाल दाखवायला हाताने एकेक चौकोनी इमोजी टाइप करत होते, म्हणजे उत्तरही फुटत नाही आणि आपण किती प्रयत्नांत जिंकलो तेही कळतं. वॉर्डलने ते पाहिलं आणि डिसेंबरमध्ये शेअरचं बटण दिलं. लोक जे आधीपासून मेहनतीने करत होते, ते त्याने एका बटणात बसवलं.

एकट्या डेव्हलपरसाठी फीडबॅक म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

मोठ्या कंपनीत चूक दाखवायला टेस्टर असतात, डिझायनर असतात, खर्च विचारणारा मॅनेजर असतो. एकट्याला हे कुणीच नसतं. नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर कोड लिहिणाऱ्याला सहा महिने चुकीच्या दिशेने गेल्याचं कळतं सहा महिन्यांनंतरच. त्यामुळे अर्धंमुर्धं का होईना, लवकर लोकांच्या हातात द्यायचं, हा त्याचा एकमेव बचाव.

वॉर्डलचा पहिला वापरकर्ता घरातच होता. त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दांचे खेळ आवडायचे, म्हणून तर त्याने हा गेम केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार, त्यातले कित्येक कुणी ऐकलेलेही नसतात. पलकने ती यादी चाळून अडीच हजारांच्या आसपास आणली. मग गेम गेला घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथे सगळे रोज खेळायला लागले, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२१ मध्ये तो जगासाठी खुला झाला. म्हणजे आधी एक माणूस, मग एक कुटुंब, मग बाकीचे.

याच्या तीस वर्षं आधी फिनलंडमध्येही असंच घडलं होतं. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना कळवलं, की तो हौस म्हणून स्वतःची सिस्टिम लिहितोय, तुम्हाला त्यात काय हवंय ते सांगा. सोबत हेही सांगितलं, की सांगाल ते सगळं करीनच असं नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे, नवखे डेव्हलपर नेमकं तेच विसरतात.

पुढे जर्मनीतल्या एका वापरकर्त्याची अडचण आली. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरी फक्त २ एमबी, तेवढ्यात काम भागेना. टोरवाल्ड्सला स्वतःला ही अडचण नव्हती. तरी त्याने १९९१ च्या नाताळात मेमरी कमी पडली तर हार्ड डिस्क वापरण्याची सोय लिहून काढली. तेव्हाच्या मिनिक्समध्ये ती नव्हती, त्यामुळे लिनक्सकडे वळायला लोकांना एक ठोस कारण मिळालं.

मग सगळ्यांचं सगळं ऐकायचं का? तर नाही. साधारण असं दिसतं, की आपल्याला कुठे अडतंय हे लोक बरोबर सांगतात, पण त्यावर सुचवलेला उपाय बरेचदा चुकतो. आणि कौतुकावर तर अजिबात विसंबू नये.

समजा, एखाद्याने खाणावळीच्या हिशोबाचं अ‍ॅप केलं. कोणाचा डबा चालू, कोणाचे किती खाडे, महिन्याचं बिल किती. खाणावळ चालवणाऱ्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणणार, "छान केलंयस रे बाळा!" आपण खूश. पण आठ दिवसांनी जाऊन बघावं तर खाडे अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरवरच! विचारलं तर त्या म्हणतील, "अक्षर जरा मोठं कर." खरं कारण वेगळंच असतं. अ‍ॅपमध्ये एक खाडा टाकायला चार वेळा बोट लावावं लागतं आणि कणकेचे हात असतात. कॅलेंडरवर पेनाची एक फुली पुरते. हे कुठल्याही गुगल फॉर्ममध्ये लिहून येत नाही, तिथे सकाळी अर्धा तास उभं राहूनच दिसतं.

म्हणून "आवडलं का?" हा प्रश्न बिनकामाचा. त्याऐवजी "शेवटचं कधी उघडलंत?", "तेव्हा काय करत होतात?", "हे नव्हतं तेव्हा कसं भागवायचात?" असं विचारलं की खरी उत्तरं येतात. आणि पैसे मागून बघितले की त्याहून खरी. मार्कस पर्सनने माइनक्राफ्टची पहिली आवृत्ती मे २००९ मध्ये लोकांसमोर ठेवली आणि पुढच्याच महिन्यात ती अर्धवट असतानाच विकायला काढली. पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ मध्ये, पण त्याआधीच, जानेवारी २०११ मध्ये, दहा लाख प्रती खपल्या होत्या.

उलटं उदाहरणही आहे. एरिक बॅरोनने स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम चारेक वर्षं एकट्याने केला आणि अर्धवट गेम विकायचा नाही असं ठरवलं. २०१६ मध्ये आला आणि तुफान चालला. पण त्यानेही २०१२ मध्येच स्टीमच्या ग्रीनलाइटवर गेम लोकांच्या मतासाठी ठेवला होता. लोकांना असं काही हवंय, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आता आपल्याकडचा मामला. अँड्रॉइड अ‍ॅप टाकायचं तर गुगल प्लेला एकदाच २५ डॉलर्स भरावे लागतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आणखी एक अट आहे. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते टेस्टर्सना सलग १४ दिवस द्यावं लागतं. आधी किमान २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ केले. अटीमागचा हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात मात्र ग्रुपवर मेसेज फिरतो, "प्लीज, माझं अ‍ॅप १४ दिवस ठेवा, तुमचं मी ठेवतो." बारा जण इन्स्टॉल करतात, एकही उघडत नाही. अट पूर्ण, पण शिकायला काहीच मिळालं नाही.

त्या बारांपैकी तीन जण जरी खरे खाणावळवाले मिळाले, तर हे १४ दिवस सोन्याचे ठरतात. बाकीचे नऊ मित्र असले तरी चालेल. फक्त त्यांनी दिलेले पाच स्टार मनावर घेऊ नका.