आधी पाणी, मग प्लॉट

"अरे, येत्या गुरुवारी इसार द्यायचा आहे. तू एकदा येऊन जागा बघून जा," असा दोंडाईच्याहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळा संसार भाड्याच्या घरात झाला. मुलांची शिक्षणे झाली, मुलीचे लग्न झाले. आता फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले होते आणि राहून गेलेली घराची हौस पुरी करायची होती. असा पैसा नोकरदार माणसाच्या हातात आयुष्यात एकदाच येतो. तो चुकीच्या जागी अडकला तर पुन्हा कमवायला वय उरत नाही. म्हणून मी मुकाट्याने रविवारची गाडी पकडली.

दोंडाईचा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. कोणत्याही वाढत्या गावासारखेच तेही रस्त्यांच्या कडेने पसरते आहे. काल जिथे कापूस होता तिथे आज कमान उभी असते. आम्ही गेलो तिथेही कमान होती, शोभेची झाडे होती, चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी आखलेले प्लॉट होते आणि मांडवात गार सरबत होते. हाती दिलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात चौदा सोयी छापलेल्या होत्या: चोवीस तास पाणी, डांबरी रस्ते, बंद गटारी, बगीचा, मंदिर, मुलांसाठी खेळणी, ज्येष्ठांसाठी कट्टा वगैरे वगैरे.

आप्पांनी प्लॉट पूर्वमुखी आहे ना, एवढे विचारले आणि त्यांचे समाधान झाले. वहिनी मात्र मघापासून गप्प होत्या. त्यांनी एकच प्रश्न केला, "पाणी कुठून येणार?"

"पाइपलाइन येणारच आहे, काकू."

"कधी?"

"लवकरच."

वहिनींनी पदर डोक्यावर ओढला आणि भर उन्हात त्या शेजारच्या, पाच-सहा वर्षे जुन्या वसाहतीकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग. तिथे एका घरापुढे निळे ड्रम ओळीने मांडलेले होते आणि एक बाई ते घासत होती. वहिनींनी सरळ अहिराणीत विचारले, "ताई, आठे पानी कव्हय येस?" बाई हसली. म्हणाली, "टँकर उना का येस!"

पुढची दहा मिनिटे त्या बाईने जे सांगितले, ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. पावसाळ्यात मोटारसायकल कुठे ठेवावी लागते, विजेचा खांब कोणाच्या खर्चाने आला, बगीच्याच्या जागेत आज काय आहे, सगळे तिने सांगितले. त्यांनाही अशाच सोयी छापून मिळाल्या होत्या.

शेतात विचारतो, घरात विसरतो

परत येताना माझ्या मनात आले, की आपण खानदेशातली माणसे पाण्याला नवखी नाही. पांझरेच्या काठी काही शतके फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, यंदा कोणत्या फडाला किती पाणी मिळेल त्यावर तिथले पीक ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यायचे, अशी ती रीत. आधी पाणी, मग पेरणी. एका हंगामाच्या पिकासाठी एवढा विचार करणारे आपण, जन्मभराचे घर घेताना मात्र 'पाइपलाइन येणार आहे' या तीन शब्दांवर विसंबतो.

वाचकहो, नव्या वसाहतीतल्या सोयी तीन प्रकारच्या असतात. काही 'आहेत', काही 'मंजूर आहेत' आणि काही 'येणार आहेत'. माहितीपत्रकात तिन्ही एकाच अक्षरात छापतात. त्या वेगळ्या करणे हे घेणाऱ्याचे काम. आप्पांनी संध्याकाळी आपली जुनी लाल पेन्सिल काढली आणि चौदा सोयी उत्तरपत्रिका तपासावी तशा तपासायला घेतल्या.

पाण्याचा हिशेब

पहिला प्रश्न असा, की नगरपालिकेची मुख्य जलवाहिनी प्लॉटपासून किती अंतरावर आहे आणि ही वसाहत कोणत्या जलकुंभावर येते? तो जलकुंभ भरतो का? वसाहत उंचावर असेल तर दाब पुरेल का? याची उत्तरे विक्रेत्याकडे नव्हे, पाणीपुरवठा विभागात मिळतात.

दुसरा प्रश्न, पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ? भुयारी गटारी नसलेल्या गावात माणशी रोज ७० लिटर आणि गटारी असलेल्या शहरात १३५ लिटर, असा पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष आहे. ७० लिटर धरले तरी पाच माणसांच्या घराला रोज ३५० लिटर लागतात. चार दिवसांआड पाणी म्हणजे पाचव्या दिवशी पाणी, म्हणजे निदान १७५० लिटरची साठवण हवी. आठ दिवसांआड असेल तर ३१५० लिटर. ५००० लिटरचा टँकर अशा घराला चौदा दिवस पुरतो. टँकरचा तुमच्या गावातला भाव यात घाला आणि वर्षाचा आकडा काढा. स्वस्त प्लॉट मग तितका स्वस्त राहत नाही.

"बोअर मारून घेऊ," हे उत्तर सगळीकडे ऐकू येते. पण धुळे-नंदुरबारच्या काळ्या पाषाणात उभ्या दगडी भिंती जमिनीच्या पोटात लांबवर गेलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. अशा भिंतीच्या एका अंगाला पाणी लागते आणि दुसऱ्या अंगाला कोरडी धूळ उडते. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे, हा तुमच्या बोअरचा पुरावा होत नाही. आणि बोअर पाहायचाच तर मे महिन्यात पाहावा. ऑक्टोबरात सगळ्याच बोअरना पाणी असते.

गटार, रस्ता आणि दोन डीपी

पाणी येते तसे ते जावेही लागते. भुयारी गटार नसेल तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आला. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. शोषखड्डा भर पावसात तुंबतो तो यामुळेच. त्याच मातीने उन्हाळ्यात भेगा पडतात आणि उथळ पायाच्या भिंती तडकतात. पाया किती खोल न्यावा लागेल हे प्लॉटच्या किमतीबरोबरच विचारायला हवे. बोअर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर राहील का, तेही पाहावे. छोट्या प्लॉटवर ते जमत नाही आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरला खेटतो.

रस्ता नकाशावर नऊ मीटर लिहिलेला असेल तर टेप लावून मोजावा. मुख्य रस्त्यापासून वसाहतीपर्यंत येणारी वाट कोणाच्या मालकीची आहे, हेही विचारावे. शेतकऱ्याने तोंडी दिलेली वाट त्याच्या मुलाच्या काळात बंद होऊ शकते. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशच्या कारभाराचे ठाणे केले, तेव्हा नव्या वस्तीच्या गल्ल्या सरळ आखल्या गेल्या. त्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. एकदा आखलेला रस्ता दोनशे वर्षे टिकतो, तसा एकदा चुकलेला रस्ताही टिकतो.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे एक गंमत आहे. लोक ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात आणि नगरपालिकेत विकास आराखड्याला डीपी म्हणतात. घर घेणाऱ्याने दोन्ही डीपी पाहावेत. पहिली जागेवर उभी आहे का आणि तिच्यावर किती घरांचा भार आहे? दुसऱ्यात आपल्या प्लॉटवरून एखादा रस्ता किंवा आरक्षण तर जात नाही ना?

बगीच्याची जागा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ही जागा नकाशात 'ओपन स्पेस' म्हणून दाखवलेली असते. तिथे बगीचा होईलच असे नाही, पण ती जागा राहायला हवी. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन त्या जागेवर स्वतः उभे राहावे. आप्पांच्या माहितीपत्रकात बगीचा, मंदिर, कट्टा आणि खेळणी अशा चार सोयी होत्या. नकाशात पाहिले तर चारही एकाच जागेत बसवल्या होत्या. गणिताच्या मास्तरांनी तिथे मोठे लाल वर्तुळ काढले.

कागद काय सांगतात

सात-बारा, बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन हे तीन कागद सगळ्यांना ठाऊक असतात. पण रेखांकनाची मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, हे फार थोडे जण वाचतात. गुंठेवारीच्या जागेबाबतही गैरसमज आहे. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ साली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली केली. पण नियमित झाले म्हणजे कागद सरळ झाला. नळ त्याने आपोआप येत नाही.

२०१६ चा स्थावर संपदा कायदा फक्त मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चूक आहे. तो प्लॉटच्या योजनांनाही लागू होतो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासा. घरातली कॉलेजची पोरे हे काम पाच मिनिटांत करतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झाले तर भरपाई मागता येते. म्हणून माहितीपत्रक फेकू नका, फाइलला लावा. सोयीसुविधा आणि त्या देण्याच्या तारखा विक्री करारातच नोंदवाव्यात, असे महारेराने २०२४ साली गृहप्रकल्पांना बंधनकारक केले. 'लवकरच' हा शब्द करारात बसत नाही. तिथे तारीखच लागते.

विक्रेता कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज नगरपालिकेत द्यावा. या वसाहतीसाठी जलवाहिनी मंजूर आहे का, निधी आहे का, काम कोणत्या टप्प्यावर आहे, असे नेमके प्रश्न असावेत. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. जन्मभराच्या घरासाठी एक महिना थांबणे जड नाही.

योजना सरकारी आहे म्हणूनही डोळे झाकू नयेत. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना आपल्या शेजारचीच. ११,४२४ घरे बांधायची ठरली आणि उभी राहिली सुमारे दीड हजार. ज्या जमिनींवर घरे बांधायची, त्यांचेच प्रश्न सुटलेले नव्हते. २०१९ च्या ३१ ऑगस्टला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले आणि त्यावर पुढे अपिले झाली. पण घराची वाट पाहणाऱ्यांची वर्षे कोणत्याच निकालाने परत येत नाहीत.

आप्पांचा निकाल

रात्री जेवणानंतर आप्पांनी गुणांची बेरीज केली. चौदा सोयींपैकी 'आहेत' या रकान्यात तीन आल्या: कमान, शोभेची झाडे आणि विजेचे खांब. 'मंजूर आहेत' असे कागदावर दाखवता येतील अशा दोन. बाकी नऊ 'येणार आहेत'. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "पाणी भरायचं मला आहे. तुम्हाला फक्त पूर्वेकडे तोंड करून बसायचं आहे."

गुरुवारी इसार दिला गेला नाही. चार महिन्यांनी आप्पांनी गावातल्याच एका जुन्या वस्तीत दोन खोल्यांचे घर घेतले. घर दक्षिणमुखी आहे. बगीचा नाही, कट्टा नाही, तुळशीपुरती जागा आहे. पण दाराशी गटार बांधलेली आहे, रस्ता डांबरी आहे आणि अंगणात नळ आहे. घेण्याआधी वहिनींनी तो नळ स्वतः सोडून पाहिला होता.

परवा मी आप्पांना फोन केला, घर कसे काय आहे म्हणून विचारायला. बोलणे जेमतेम सुरू झाले आणि मागून वहिनींची हाक ऐकू आली. आप्पा घाईने म्हणाले, "पाणी आलं रे, ठेवतो."