खुराखालचा कार्बन

महाराष्ट्रात ‘चराईबंदी’ हा शब्द आदराने घेतला जातो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी ज्या नियमांच्या बळावर आपली शिवारं सावरली, त्यांत कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदीही होती. उघडेबोडके डोंगर जनावरांपासून राखले, चर खणून पाणी मुरवलं, गवत कापून नेण्याची शिस्त लावली आणि माळ पुन्हा हिरवे झाले. हे यश खरं आहे. पण त्यातून एक सरसकट समजूतही रुजली: जनावराचं तोंड लागलं की जमीन बिघडते, जनावर हाकललं की सुधारते. हवामानबदलाच्या काळात ही समजूत तपासून पाहायला हवी.

जगभरातल्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणातल्या कार्बनच्या दीडपटीहूनही तो जास्त भरतो. जंगलातल्या कार्बनचा मोठा वाटा खोडाफांद्यांत असतो. गवताळ प्रदेशात तो जवळजवळ सगळा जमिनीखाली असतो. म्हणूनच जंगल पेटलं तर त्यातला बराच साठा धुरात जातो, गवताळ माळ पेटला तरी मुळांतला आणि मातीतला साठा बहुतांशी शाबूत राहतो.

दात, मुळं आणि माती

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे पात्याचा शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा फुटतं. वाढत्या गवताच्या मुळांतून साखरेसारखे पदार्थ मातीत पाझरतात. जिवाणू आणि बुरशी त्यांवर जगतात आणि मेल्यावर त्यांचे अवशेष मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटतात. हा कार्बन दीर्घकाळ टिकतो. खाल्लेलं गवत शेण, लेंड्या आणि मूत्र होऊन नत्रासह जमिनीवर परत येतं. न खाल्लेलं गवत मात्र उभंच वाळतं आणि उन्हावाऱ्यात झिजतं, नाहीतर वणव्यात जातं.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. फुटलेलं पातं वाढायच्या आत पुन्हा पुन्हा खुडलं गेलं, तर मुळांना अन्न मिळत नाही आणि ती आखडतात. माती उघडी पडते, खुरांनी दबते आणि वळवाच्या पावसात कार्बनसकट वाहून जाते. हिवरे बाजारचे डोंगर अशाच अवस्थेला पोचले होते, म्हणून तिथे बंदीचा गुण आला.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

हिमाचल प्रदेशातल्या स्पीतीत, चार हजार मीटरहून उंचावर वसलेल्या किब्बर गावाच्या परिसरात, चराई थांबवली तर मातीतल्या कार्बनचं काय होतं, या प्रश्नावर भारतातला एक महत्त्वाचा प्रयोग झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुमंत बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने कुरणाच्या काही तुकड्यांना कुंपण घातलं, शेजारचे तुकडे मोकळे ठेवले. मोकळ्या तुकड्यांत याक, आयबेक्स असे प्राणी चरत राहिले. माती तपासण्याचं काम सोळा वर्षं चाललं आणि निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. कुंपणाच्या आत, जिथे चराई पूर्ण बंद होती, तिथे मातीतल्या कार्बनचे वर्षागणिक होणारे चढउतार ३० ते ४० टक्क्यांनी जास्त होते. चरलेल्या जमिनीत साठा स्थिर राहिला होता. नत्र आणि कार्बन यांचं मातीतलं नातं चराईमुळे साठ्याला स्थैर्य देण्याच्या बाजूला झुकतं, असं संशोधकांना दिसलं.

पुढच्याच वर्षी याच गटाने रानटी प्राणी आणि पाळीव जनावरं यांच्या चराईची तुलना केली. पाळीव जनावरांच्या कुरणातल्या मातीत कार्बन कमी निघाला आणि तिथले सूक्ष्मजीव कार्बन वापरून साठवण्यात १९ टक्क्यांनी कमी कार्यक्षम ठरले. संशोधकांनी बोट ठेवलं ते जनावरांना दिल्या जाणाऱ्या टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांवर. ही औषधं शेणमूत्रावाटे मातीत उतरतात आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंवरही परिणाम करतात. गोठ्यातल्या इंजेक्शनचा संबंध थेट हवामानाशी येतो, हे आपण गांभीर्याने घ्यायला हवं.

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीची कहाणी याला पूरक आहे. बुळकांडीच्या साथीने तिथले विल्डबीस्ट घटले, गवत माजलं आणि वणवे वाढले. रोग हटल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे तीन लाख असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या घरात गेले. गवत वणव्याऐवजी पोटात जाऊ लागलं आणि तो प्रदेश पुन्हा कार्बन साठवू लागला.

आपल्या माळांचं काय?

मेगन मॅकशेरी आणि मार्क रिची या संशोधकांनी २०१३ साली चराई आणि मातीतला कार्बन यांवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चराईचं प्रमाण वाढलं तेव्हा उष्ण प्रदेशातल्या गवतांखाली मातीतला कार्बन ६ ते ७ टक्क्यांनी वाढला. थंड प्रदेशातल्या, गव्हाच्या धाटणीच्या गवतांखाली तो सरासरी १८ टक्क्यांनी घटला. दख्खनच्या माळावरची कुसळी, मारवेल, शेडा ही गवतं ज्वारी आणि उसाच्या गोतावळ्यातली, म्हणजे उष्ण गटातली. आपल्या माळांना बेताची चराई मानवू शकते, असं म्हणायला यात आधार आहे. कितीही जनावरं सोडायची मुभा मात्र यात नाही. रवंथ करणारी जनावरं मिथेनही सोडतात. ऑक्सफर्डमधल्या अभ्यासगटाच्या २०१७ च्या अहवालानुसार उत्तम व्यवस्थापनातही मातीत साठणारा कार्बन चराईच्या जनावरांच्या एकूण उत्सर्जनाच्या फार तर २० ते ६० टक्क्यांची भरपाई करतो.

बेताची चराई म्हणजे काय, हे आपल्याकडचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. माण, फलटण, आटपाडी भागातले धनगर पावसाळा दुष्काळी माळांवर काढतात आणि दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन पुण्याकडे किंवा घाट उतरून कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात बोलावतो. रात्री वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून मेंढरं बसवली जातात, सकाळी मोकळ्या रानावर लेंड्यांचा आणि मूत्राचा थर असतो आणि बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. कळप सरकता राहिल्यामुळे एकाच माळाला बारमाही दात लागत नाहीत.

आज हे सरकणंच अवघड झालं आहे. रस्ते, कारखाने आणि कुंपणांनी वाटा अडवल्या आहेत. सरकारदरबारी माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते आणि मग वृक्षारोपणाच्या नावाखाली तिथे खड्डे खणून, शतकानुशतकं साठलेली माती उकरून, झाडं लावली जातात. जमिनीखाली भरलेलं कोठार असताना त्या जागेला ओसाड म्हणणं हा अन्याय आहे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केलं. त्या निमित्ताने तरी तीन गोष्टी व्हाव्यात: माळांना ‘पडीक’च्या यादीतून बाहेर काढावं, मेंढपाळांच्या पारंपरिक वाटा कागदावर आणि जमिनीवर मोकळ्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक गावाने मातीचा कार्बन मोजून कुठे बंदी, कुठे चराई आणि किती विसावा हे ठरवावं. तो आराखडा बनताना मेंढपाळाला सन्मानाने बोलवा. कोणत्या माळावर किती दिवस थांबायचं आणि कधी निघायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.