संक्रांतीचे वाण, दसऱ्याची ऊब

मैत्रिणींनो, संक्रांत तोंडावर आली की तिळगुळाच्याही आधी आपल्याला एक काळजी लागते, "यंदा वाण काय लुटायचं?" मग बाजारात फेरी होते. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, स्टीलच्या वाट्या डझनाने घरी येतात. रथसप्तमीपर्यंत आपण पंधरा-वीस घरची हळदीकुंकवे करतो आणि पिशवीतून तेवढ्याच डब्या परत आणतो. खरे सांगा, त्यांतल्या किती वापरात राहतात? फळीवर जागा उरत नाही म्हणून पुढच्या वर्षी आपणच त्या कुणाला तरी देऊन टाकतो.

यंदा एक वेगळे वाण सुचवते. बोलावणे करताना प्रत्येकीला सांगायचे, "येताना एक जुनी, धुतलेली सुती साडी घेऊन या." आणि आपण वाण द्यायचे ते जाड सुती दोऱ्याचे एकेक रीळ. त्या साड्यांच्या आणि त्या दोऱ्याच्या गोधड्या शिवायच्या, सगळ्यांनी मिळून. कुणासाठी, तेही सांगते.

थंडीत घराबाहेर कोण?

आपल्या जालन्याचे नाव बियाणे, लोखंड आणि मोसंबीसाठी दूरवर घेतले जाते. पण दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबेही आपल्याच जिल्ह्यातली. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने संसार मांडायचा. पहाटे भाकरी थापून बाई अंधारातच फडावर जाते. तान्हे मूल बरोबर असेल, तर ते फडाच्या कडेला निजवलेले असते.

थोडी मोठी मुले गावी आजी-आजोबांजवळ राहतात. काही गावांत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तीही पुष्कळदा शाळेच्याच इमारतीत. पौष महिन्यात रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, तेव्हा आपण आपल्या पोरांच्या अंगावरचे पांघरूण दोनदा उठून सारखे करतो. त्या मुलांची आई मात्र दोनशे-तीनशे किलोमीटरवर असते.

कपडे देणे आणि पांघरूण देणे

तुम्ही म्हणाल, "जुन्या साड्या तशाच देऊन टाकल्या तर? एवढा खटाटोप कशाला?" पण कपाट रिकामे करण्यासाठी केलेले दान घेणाऱ्याला लगेच कळते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. संकटातल्या माणसालाही आवडनिवड असते, मान असतो. दिल्लीत १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने हेच ओळखले. तिथे आलेले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून मगच पुढे जातात. जे अंगावर घालण्याजोगे नसतात, त्यांच्या गोधड्या आणि इतर उपयोगाच्या वस्तू होतात. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि गोधडी ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे कुणी तिला वाकळ म्हणते, कुणी गोधडी. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थान-सिंधकडे रल्ली, कर्नाटकात कौदी. जिथे बाईच्या हाती जुने कापड आणि सुई आली, तिथे ती झालीच. नव्या बाळाला आपण नव्या कापडापेक्षा आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे आधी शोधतो, ते का? धुऊन धुऊन कापडाचा कडकपणा गेलेला असतो. शिवाय पातळ थरांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते.

ज्यांना बोलावणे जात नाही त्या

आता जरा अवघड गोष्ट. आपल्यापैकी कितीजणींना नीट गोधडी घालता येते? शिवणयंत्रावर हात बसलेला असतो. पण सहा थर एकसारखे ताणून, चुणी न पडू देता धावदोरा घालणे हे वेगळेच कसब आहे. ते कुणाकडे आहे? गल्लीतल्या आजींकडे, कामाला येणाऱ्या मावशींच्या आईकडे. यांतल्या बऱ्याच जणींचे कुंकू पुसलेले असते, म्हणून हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांच्या दारावरून पुढे जाते. त्याही "तुमचं चालू द्या" म्हणत आत बसून राहतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पण ठराव कागदावर असतो. उंबरठा आपल्या घरी असतो. यंदा त्या आजींना आधी बोलवा, आणि कोपऱ्यात बसायला नको, शिकवायला बोलवा. "आजी, तुम्ही पहिला टाका घाला, मग आम्ही बसतो," असे म्हणून तर पाहा. सासूबाई दोन दिवस कुरकुरतील कदाचित. पण गोधडीवरचे टाके सरळ पडू लागले की त्याच म्हणतील, "हात आहे हो बाईचा!"

हिशेब आणि कृती

साधारण साडेपाच मीटरची साडी म्हणजे अठरा फूट. मुलाच्या गोधडीसाठी तिचे साडेचार-साडेचार फुटांचे चार तुकडे होतात. काठ काढल्यावर रुंदी सुमारे साडेतीन फूट उरते. एका गोधडीला सहा थर धरले, तर दोन गोधड्यांना तीन साड्या लागतात. म्हणजे बारा जणी आल्या तर आठ मुलांची सोय झाली. मोठ्या माणसासाठी सहा-सहा फुटांचे तीनच तुकडे करावेत. तिथे एका गोधडीला दोन साड्या लागतील.

साडी सुतीच हवी. बाहेरच्या बाजूला नायलॉनची साडी लावली की गोधडी टिकते असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण कोपीत चूल हाताच्या अंतरावर असते. ठिणगी पडली तर असले कापड वितळून अंगाला चिकटते. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी ते मुळीच नको.

साड्यांची खळ धुऊन काढा आणि कडक उन्हात वाळवा. फॉल उसवा, टोचणारी जर काढा. सुती काठ मात्र जपून ठेवा, कडेची पट्टी त्यांचीच होते. विरलेले तुकडे मधल्या थरांत घाला, धड तुकडे वर आणि खाली. स्वच्छ सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर थर एकावर एक अंथरून चारही कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवा. वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून घ्या, म्हणजे थर सरकणार नाहीत. मग कडा आत मुडपून पट्टी लावा.

आता चौघी चार बाजूंना बसा. धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन असा मधोमध नेत जायचा. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा फार लांब घेऊ नका, गुंता होतो. बोटात अंगुस्तान घाला. नेढ्यात दोरा ओवायला शाळकरी मुलांना बसवा. त्यांचे डोळे चांगले आणि आजीच्या गोष्टीही कानावर पडतात. पुरी झाली की कच्चे टाके काढून टाका.

वर्षाचे वेळापत्रक

संक्रांतीला साड्या जमतील, पण शिवायची घाई नको. मुलांच्या परीक्षा, पापड-कुरडया, लग्नसराई हे सगळे आहेच. खेड्यात शेतातली कामे सरली की उन्हाळ्यातच गोधड्या घातल्या जातात. आपणही मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी दोन ते चार अशी वेळ ठरवावी. पाळीपाळीने एकेकीच्या घरी बसायचे. खायला फार काही करायचे नाही, ताक किंवा पन्हे पुरे. नाहीतर त्याचीही चढाओढ सुरू होते!

घटस्थापनेपूर्वी आपण 'दसरा काढतो', म्हणजे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुतो. त्याच धुण्यात या नव्या गोधड्याही एकदा धुऊन, ऊन दाखवून, घडी करून ठेवाव्यात. गाड्या निघायच्या आत त्या पोचल्या पाहिजेत. पौषात दिलेल्या पांघरुणाने मार्गशीर्षाची थंडी भागत नाही.

देताना आधी शाळेतल्या बाईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा, कुणाच्या घरी खरोखर गरज आहे, मूल केवढे आहे. गोधडीवर मंडळाचे नाव नको, हार-तुरे नकोत, मुलांना रांगेत उभे करून फोटो तर नकोच. आपल्या भाचीला दुपटे द्यावे तसे त्या आईच्या हाती द्या. ती "कुणी शिवली?" म्हणून विचारील. आजींचे नाव सांगा.

तेव्हा या वर्षी कपाट उघडाल, तेव्हा ती मऊ झालेली, दंडाला जरा विरलेली साडी बोहारणीच्या भांड्यासाठी बाजूला काढू नका. धुऊन ठेवा. संक्रांतीला लागेल.